ओठांवर काढलेलं टोक

कलमेला टोक ओठांनी काढायचं, हे उस्तादांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. कलम म्हणजे आमचा ब्रश. खारीच्या शेपटीच्या केसांचा, मागं जाड आणि पुढं येता येता एकच केस उरतो असा. पाण्यात बुडवला की केस फाकतात, फडक्यावर फिरवला तर फडकंच सगळा रंग पिऊन टाकतं. म्हणून ओठांत धरायचा, जिभेवर हलका गोल फिरवायचा, बाहेर काढून उजेडात बघायचा आणि श्वास रोखून रेघ मारायची. एका भुवईला तीन वेळा तोंडात. एका राधेच्या केसांना किती वेळा, ते मी कधी मोजलं नाही. आता रोज मोजायला बसते आणि मधेच सोडून देते.

माझी शाळा नववीत सुटली. चित्रकला तेवढी बरी होती, बाकी सगळं नापास. उस्तादांचा गाळा नवी मुंबईत पावणे गावाला होता, कारखान्यांच्या पट्ट्यात, खाली पत्रा कापायचं मशीन आणि वर आमी सात जणी. छोटी छोटी चित्रं करायचो, वहीच्या पानाएवढी. कृष्ण, राधा, गोपी, झाडाखाली वाट बघणारी बाई, गच्चीवर वाट बघणारी बाई, हरणाशी बोलत वाट बघणारी बाई. हॉटेलात आणि मोठ्या लोकांच्या हॉलमधे लावायला जायची. कागद आधी चहाच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, म्हणजे तो जुना दिसतो. मग उलटा टाकून गुळगुळीत दगडानं घोटायचा, खांदा भरून येईपर्यंत. रंग ठेवायला शिंपल्या. शिंपल्या मावशी आणायची. मावशी म्हणजे माझ्या शेजारी बसणारी बाई, तिथल्याच जुन्या गावातली, खाडीकाठची. घरी तिसऱ्यांचं कालवण झालं की दुसऱ्या दिवशी धुतलेल्या शिंपल्यांची पिशवी गाळ्यावर. नव्या शिंपलीतला रंग पहिले दोन दिवस कालवणाचा वास मारायचा आणि त्याच रंगानं आमी राधेचे गाल करायचो.

उस्ताद राजस्थानचे. तीस वर्षं इकडं काढलेली, मराठी येत होती, पण कामाचं बोलायला लागले की हिंदीवर जायचे. चित्राच्या वरती पिवळी पट्टी असते, तिच्यात कविता लिहायची, ती ते स्वतः लिहायचे. मी एकदा विचारलं, "उस्ताद, ह्या गच्चीवरच्या बाईच्या वर काय लिहिलंय?"

"मैत्रिणीला सांगते, रात्र संपली, तो आला नाही."

"बस, एवढंच?"

"एवढंच. चारशे साल से एवढंच."

मला हसू आलं होतं. एक चित्र आमच्याकडं सारखं असायचं, घरातून लपून निघालेली बाई. काळोख, वीज, पायात साप, एक पैंजण गळून पडलेलं, आणि तिचं लक्षच नाही, प्रियकराकडं निघाली आहे. मी पण तशीच निघाले होते घरातून, फक्त सकाळी अकरा वाजता, आधार कार्ड आणि दोन ड्रेस प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. पैंजण नव्हतंच. तो वाशीच्या मार्केटात टेम्पो चालवायचा, अजून चालवतो, त्याची जात वेगळी आणि माझी वेगळी. त्या दिवसापासून दोन्हीकडची दारं बंद. माझ्या आईनं फोन नंबर बदलला. मुलगी झाली तरी कोणी आलं नाही. चित्रातल्या त्या बाईचं पुढं काय होतं, पोचते का, पोचल्यावर कोण तिचं पोर सांभाळतं, ते कोणी काढत नाही.

पाच महिन्यांची पोटुशी होते तेव्हा उस्तादांनी माझी एक रेघ बघितली. गोपीच्या ओढणीची किनार होती, पारदर्शक, खालून हात दिसला पाहिजे अशी. बराच वेळ बघितली आणि बोलले, "तू आता असली रंगात बस."

असली रंग म्हणजे खास ऑर्डरीचा माल. बाकीच्या पोरी ट्यूबमधला तयार रंग वापरायच्या. असली रंग उस्ताद स्वतः खलायचे. पिवळा हरताळाचा, केशरी शेंदराचा, लाल हिंगुळाचा, पांढरा सफेद्याचा, हिरवा तांब्याला आंबवून काढलेला. त्यात बाभळीचा गोंद. गोंद जास्त झाला तर रंग तडकतो, कमी झाला तर भुरभुरतो, आणि बरोबर आहे का ते जिभेला कळतं. ते पण शिकवलं मला. सात जणींत एकटी मी. त्या दिवशी नवरा मार्केटातून फुटलेलं कलिंगड घेऊन आला आणि आमी दोघांनी ते परातीत फोडून, हातानं खाल्लं, एवढी मी खूश होते. मला कोणी कधी कशात निवडलं नव्हतं.

मुलगी झाली. दीड महिन्यात परत कामावर गेले, कारण घरी सांभाळायला कोण आहे? गाळ्यात पाइपला जुन्या साडीची झोळी बांधली. रडली की घ्यायची, पाजायची. डाव्या हातावर ती आणि उजव्या हातात कलम, असं पण केलंय मी. तोंडात कलम धरून दोन्ही हातांनी तिला ह्या बाजूची त्या बाजूला घेतलंय. उस्ताद कधी रागावले नाहीत. उलट बोलायचे, लक्ष्मी आहे, बसू दे.

मग ती एक ऑर्डर आली. कृष्णाची पूर्ण माळ, जन्मापासून रासलीलेपर्यंत, सगळी असली रंगात. त्यातलं तिसरं चित्र माझ्याकडं आलं. सुंदर बाई, दागिन्यांनी मढलेली, आणि तिच्या मांडीवर निळं बाळ दूध पितंय. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती, देवांच्या गोष्टी आमाला कोणी सांगितल्या नाहीत. मी उस्तादांनी रेखून दिलेला खाका रंगानं भरायचे, कोण काय ते विचारत बसायचे नाही. पण ह्या बाईच्या छातीवर उस्ताद बोलले, हिरव्याची एकदम फिकट रेघ मार, दिसली न दिसल्यासारखी.

मी मावशीला विचारलं, "ही कोण? त्याची आई ना?"

"आई? अगो बाय, राक्षसीन हाय ती. पूतना. तुमच्यात नाय सांगत?"

"आमच्यात देवच नाहीत."

"बरं हाय तुमचं. उपास नाय, निवद नाय, डोक्याला ताप नाय."

"पण राक्षसीण एवढी सुंदर कशी?"

"मग काय शिंगं लावून येल काय पोराला पाजायला? रूप घेतलंय तिनं. थानाला जहर लावलंय, ती हिरवी रेघ नाय काय, ते जहर. पाजायचं आनि मारायचं."

"मग मेलं बाळ?"

"मरतंय कसं? देव हाय तो! दुधाबरोबर तिचा जीवच ओढून घेतलान. तीच मेली." आणि झोळीकडं बघून बोलली, "तुझी पन अशीच ओढतंय, सांभाल बरं का."

आमी दोघी हसलो. माझ्या तोंडात तेव्हा कलम होती, हसताना पडू नये म्हणून मी ती दातात धरली, हे मला आठवतंय. हिरव्यात बुडवलेली.

नऊ महिन्यांची लस द्यायला मी तिला दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. वजन घेतलं, कमी भरलं. मग विचारलं, "रांगते का?"

"नाही अजून."

"बसते?"

"उशी लावली की बसते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "तुमच्या ओठाला काय लागलंय? पिवळं?"

मी पुसलं. बोटाला आलं. मला लाज वाटली, वाटलं त्यांना वाटेल घाणेरडी आहे. म्हणून मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मी चित्रं करते, असली रंगातली, टोक ओठांनीच काढायचं असतं, आणि रंगांची नावं घडाघडा बोलून दाखवली. त्यांचं लिहिणं थांबलं.

"परत सांगा. हळू सांगा."

मी परत सांगितली.

"किती दिवसांपासून?"

"पोटात पाच महिन्यांची होती तेव्हापासून असली रंग."

"पोटात दुखतं का तुमच्या? कळ येऊन?"

"येते. ते बाळंतपणाचं असेल."

"तोंडाला चव कशी असते?"

सकाळी उठले की तोंडात लोखंड चाटल्यासारखं असायचं, मला वाटायचं दात खराब झालेत.

"बाळाला अंगावर पाजता?"

"हो. अंगावरच. वरचं काहीच नाही दिलं, खिमट तेवढं." हे मी शाबासकी मिळेल म्हणून बोलले. आधीच्या वेळी सिस्टरनी मला शाबासकी दिली होती त्याबद्दल.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एकदम मऊ आवाजात बोलायला लागल्या. बोलल्या, ह्यातल्या काही रंगांत विष असतं, शिसं असतं, पारा असतो, ते रक्तात जातं, रक्तातून दुधात पण थोडं जाऊ शकतं, पोटात असताना नाळेतून पण. गेलंच आहे असं मी म्हणत नाही, बोलल्या. रक्त तपासू, दोघींचं. रिपोर्ट यायला आठ दिवस. तोपर्यंत अंगावर पाजू नका, आणि कलम तोंडात घालायची नाही, एकदा पण नाही.

"आणि जे पाजलं ते?"

"रिपोर्ट येऊ दे."

"ती रांगत नाही ते त्याच्यामुळं?"

"रिपोर्ट येऊ दे, ताई."

तिच्या एवढ्याशा हाताच्या मागून रक्त काढलं. शीर सापडेना, दोन वेळा टोचलं. ती रडली आणि रडून माझ्या छातीत तोंड घालायला लागली, ओढणी ओढून ओढून. मी तिला खांद्यावर उलटी धरली. वाशीपासून जुईनगरपर्यंत बसमधे ती तशीच रडत आली आणि एक बाई मला बोलली, "अहो, भूक लागलीय तिला, पाजा ना, इथं कोण बघतंय." मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी पिशवीचं दूध आणून गरम केलं, वाटी चमचा घेऊन बसले. तिनं थुंकलं. परत दिलं, परत थुंकलं. माझा कुर्ता पुढून भिजत होता आणि मी तिच्यापुढं चमचा धरून बसले होते. नवरा आला. मी बोलले, "मी तिला विष पाजलं."

"काय पण बोलतेस!"

सगळं सांगितलं. तो जमिनीवर बसला. त्यानं मारलं नाही, शिवी दिली नाही, लोक बोलतात तसा तो वाईट नाही. फक्त विचारलं, "तुला चव कळत नव्हती?"

कळत होती. गोंदामुळं थोडी गोड लागायची. हे मी त्याला सांगितलं नाही, आजपर्यंत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यावर गेले. का आलीस, असं मला मावशीनं पण विचारलं. घरी आठ दिवस तिच्या तोंडाकडं बघत बसले असते तर वेडी झाले असते. आणि उस्तादांना विचारायचं होतं. मुलीला बाहेर जिन्यापाशी मावशीकडं दिली, आत रंगांजवळ नेली नाही, आणि सरळ त्यांच्या पाटापुढं जाऊन उभी राहिले.

"उस्ताद, हे रंग विषाचे असतात, तुमाला माहीत होतं?"

त्यांनी वर बघितलं. मग दोन बोटांनी आपला खालचा ओठ ओढून खाली केला. हिरडीवर, दातांच्या मुळाशी, निळी काळी रेघ होती, एकसारखी, बारीक, जशी ते कागदावर मारतात तशी.

"देख. मेरे बाप की भी थी. दादा की भी. कारीगर की यही पहचान है. मर गया क्या मैं?"

मावशी दारातून मुलीला थोपटत बोलली, "आनि तुमची पोरं, उस्ताद?"

त्यांची पाच झाली आणि दोन जगली, हे ते आमाला जेवताना कधीतरी बोलले होते. त्यांची बायको गावी रंग खलायची, हे पण. आमी तेव्हा च्च च्च केलं होतं आणि पुढं लोणच्याची फोड मागितली होती.

"वो ऊपरवाले की मर्जी," ते बोलले. मग मला, "टेन्शन बहुत लेती है तू. हाथ धो के पिलाया कर. पूतना पूरी कर, परवा माल जायचा आहे."

मी बसले. हे मी कोणाला सांगत नाही, पण मी बसले. तोंडाला ओढणी घट्ट बांधली, ओलं फडकं घेतलं आणि फडक्यावर टोक काढायला लागले. टोक निघेना. रेघ जाड येत होती, सुंदर बाईच्या छातीवर ती हिरवी रेघ मिरचीच्या देठासारखी दिसायला लागली. मी त्या बाळाकडं बघत होते. मजेत पीत होतं, एक हात तिच्या गळ्यातल्या हाराशी खेळत होता. त्याला काय होणार नव्हतं. तो देव होता. ज्यांनी ही गोष्ट केली त्यांना आधीच माहीत होतं की त्याला काय होणार नाही, म्हणून ते एवढं छान रंगवायला सांगतात. माझ्या मुलीला बाहेर जिन्यावर उशीशिवाय बसता येत नव्हतं.

उस्ताद आले, वाकून बघितलं. "ये किसने मारी? झाडूने?"

माझ्या हातातली कलम घेतली, स्वतःच्या तोंडात घातली, ओठांतून फिरवून काढली आणि एका श्वासात ती रेघ परत मारली. फिकट, दिसली न दिसल्यासारखी. एवढी सुंदर रेघ मी कधीच मारली नव्हती. हात थरथरतो त्यांचा, चहाचा ग्लास सांडतो, पण कागदावर थरथरत नाही.

"कल से तू कागज घोट," ते बोलले.

त्या आठ दिवसांत छाती दगड झाली, ताप आला. मोरीत बसून दूध पिळून टाकायचे. पहिल्या दिवशी मी ते तळहातावर घेऊन बल्बखाली नेऊन बघितलं, पिवळं आहे का, हिरवं आहे का. पांढरंच होतं. पांढरंशुभ्र, गरम, आणि ती पलीकडं वाटीला लाथ मारून रडत होती. चौथ्या दिवशी ती वाटीनं प्यायला लागली. सहाव्या दिवशी तिला जवळ घेतली तर तिनं छातीकडं बघितलं पण नाही, वाटी कुठं आहे ते बघितलं.

रिपोर्ट आला. माझ्यात खूप निघालं. तिच्यात पण निघालं, माझ्याएवढं नाही, पण असायला पाहिजे त्यापेक्षा जास्त. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडं फिरवून आकड्याभोवती पेनानं गोल केला, मला त्यातलं काही कळलं नाही, गोल तेवढा दिसला. बोलल्या, आता बाहेरून अंगात जायचं थांबलंय, हळूहळू उतरेल, लोहाचं औषध देते, तीन महिन्यांनी परत बघू.

"रांगेल ना ती?"

"बरीच मुलं उशिरा रांगतात."

"हिचं मला सांगा."

"आत्ता नाही सांगता येणार. मोठी होईल तसं कळेल. चालणं, बोलणं, शाळेतलं लक्ष."

म्हणजे कळायला वर्षं जाणार. मी विचारलं, मी परत पाजू शकते का. त्यांनी माझ्या आकड्यावर बोट ठेवलं आणि मान हलवली. तसं पण दूध आटलं होतं.

गाळा मी सोडला. मावशी अजून जाते, तिच्या घरात आता तान्हं पोर नाही, बोलते, माझ्या हाडात काय राहिलंय आता विषाला. ती पण फडक्यावर टोक काढते असं सांगते. मला खरं वाटत नाही. माझ्या जागेवर असली रंगात नवी पोरगी बसवली आहे, लग्न ठरलंय तिचं. मी मावशीला बोलले, तिला सांग. मावशी बोलली, सांगितलं, ती हसली.

मी आता शेजारच्या सोसायटीत तीन घरी पोळ्या करते आणि मुलीला कमरेवर घेऊन जाते. त्यातल्या एका घरात हॉलमधे आमच्याच पद्धतीचं चित्र आहे, झाडाखाली दोघं, राधेची मान वळलेली. बाई मला बोलल्या, बघ किती नाजूक काम आहे, एका केसाच्या ब्रशनं करतात. मी हो बोलले. राधेची ओढणी जवळून बघितली, खालून हात दिसतो की नाही. दिसत होता. मी केलेली असेल किंवा नसेल. लाटणं हातात घेण्याआधी मी परत एकदा हात धुतले.

रोज सकाळी उजेडात मी मुलीला मांडीवर घेते आणि बोटानं तिचा खालचा ओठ खाली करते. डॉक्टरीणबाई बोलल्या आहेत, लहान मुलांत तसं दिसत नाही, बघत बसू नका. तरी बघते. दोन दात आलेत. तिला तो खेळ वाटतो, आता बोट दिसलं की ती आपणहून तोंड उघडते आणि चावते, जोरात, आणि हसते. मी बोट तसंच ठेवते आणि हिरडी बघते. आज गुलाबी होती.